फुकटे कोण?

मित्रांनो, डिसेंबर उजाडला की एक शब्द हमखास कानावर पडतो. 'फुकटे'. आपली माणसं सहा डिसेंबरला मुंबईला जातात. चैत्यभूमीवर माथा टेकवतात, शिवाजी पार्कात उघड्यावर झोपतात, समुद्र बघतात, गेटवे बघतात, पुस्तकांचं गाठोडं घेऊन परत येतात. आणि कुणीतरी नाक मुरडून म्हणतो, आले फुकटे, मुंबई बघायला आले. दसऱ्याला नागपुरात हेच. आमच्या पांढरकवड्याच्या एसटी स्टँडवर पांढरी लुगडी नेसलेल्या बाया दिसल्या, की पानठेल्यावरचा एखादा म्हणतोच, "चालल्या नागपूर पाहाले फुकटात!"

या शब्दाचा मला राग येतो. पण रागानं उत्तर होत नाही. उत्तर इतिहासानं होतं. म्हणून प्रश्न सरळ विचारू. शहरातली जी जागा पैसा न घेता सगळ्यांसाठी उघडी असते, म्हणजे रस्ता, बाग, तळं, किल्ला, वाचनालय, समुद्राचा काठ, ती आपल्यासाठी कधीपासून उघडी झाली? कुणी उघडली? आणि त्यासाठी कुणी काय मोजलं?

सुरुवात रस्त्यापासून करावी लागते. शहरात रस्त्याइतकं फुकट दुसरं काही नाही. पण पेशव्यांच्या पुण्यात तोही आपल्याला फुकट नव्हता. बाबासाहेबांनी 1936 साली 'जातिप्रथेचे विध्वंसन' लिहिलं, त्यात हे नोंदवून ठेवलंय. कमरेला झाडू, म्हणजे आपलं पाऊल आपणच पुसत जायचं. गळ्यात मडकं, म्हणजे थुंकी जमिनीवर पडू नये. शहर बघायला जाण्याची ही आपली पहिली 'सहल'. त्याच पुण्यात 1868 साली जोतिराव फुल्यांनी आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्यांना खुला केला. तो हौद सरकारचा नव्हता, नगरपालिकेचा नव्हता. एका माणसाच्या मालकीचा होता. म्हणजे सार्वजनिक पाणी बंद आणि खाजगी पाणी उघडं, असा उलटा न्याय होता. हे नीट लक्षात ठेवा. पुढची सगळी लढाई सार्वजनिक या शब्दाचा अर्थ सरळ करण्याची आहे.

आता मुंबई. परळच्या चाळीतली एक खोली. त्यातच सगळं कुटुंब, त्यातच चूल, त्यातच अंथरूण. त्या खोलीतला भीमराव नावाचा पोरगा एल्फिन्स्टन हायस्कुलात जातो. शाळा सरकारी, पण मास्तरांनी फळ्यावर बोलावलं, तर बाकीची पोरं आधी फळ्यामागचे आपले डबे उचलतात. बाटतील म्हणून. घरी जागा नाही, शाळेत मान नाही. मग वाचायचं कुठं? चर्नी रोडच्या बागेत. शाळा सुटली की तो तिथं बाकावर बसून वाचायचा. बागेला तिकीट नव्हतं. बाकावर बसायला जातीचा दाखला लागत नव्हता.

त्याच बागेत कृष्णाजी अर्जुन केळुसकर येत. ते विल्सन हायस्कुलातले शिक्षक. हा पोरगा रोज वाचत बसलेला दिसतो, म्हणून त्यांनी चौकशी केली. ओळख झाली. 1907 साली भीमराव मॅट्रिक झाला, तेव्हा त्याच्या सत्काराची सभा भरली. अध्यक्ष सीताराम केशव बोले. केळुसकरांनी स्वतः लिहिलेलं बुद्धचरित्र त्याला भेट दिलं. पुढं कॉलेजचा खर्च झेपेना, तेव्हा केळुसकरांनीच शब्द टाकला आणि सयाजीराव महाराजांकडून महिना 25 रुपये सुरू झाले. त्यातून बी.ए., त्यातून 1913 साली न्यूयॉर्क, कोलंबिया विद्यापीठ.

आता जरा हिशेब मांडा. बागेतलं एक बाक. फुकटचं. त्या बाकावरून केळुसकर, केळुसकरांकडून बुद्ध, आणि सयाजीरावांकडून कोलंबिया. त्या बागेला एक आणा तिकीट असतं तर? परळच्या एका खोलीतून रोजचा एक आणा निघाला असता का? मी बापाच्या मेहनतीला, पोराच्या हुशारीला कमी लेखत नाही. पण हुशारीलाही टेकायला एक बाक लागतं. ज्याच्या घरी जागा नाही, त्याचं घर म्हणजे सार्वजनिक जागा. बंगल्यातल्या माणसाला बाग म्हणजे फिरणं. आपल्याला बाग म्हणजे अभ्यासाची खोली.

बाग पुन्हा एकदा त्यांच्या आयुष्यात आली, ती वेगळ्या रीतीनं. 1917 साल. कोलंबियात शिकून आलेले बाबासाहेब बडोद्याच्या नोकरीत रुजू झाले. राहायला जागा कुणी देईना. शेवटी एका पारशी धर्मशाळेत नाव बदलून राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेल्या पारशांचं टोळकं दारात आलं. जागा सोड, आजच्या आज. मित्रांकडे गेले, तर एक हिंदू, एक ख्रिस्ती, दोघांनीही वेगवेगळ्या शब्दांत नाहीच म्हटलं. मुंबईची गाडी रात्री 9 ला. मधले पाच तास कुठं काढायचे? ते शहराच्या टोकाला असलेल्या कामाठी बागेत जाऊन बसले. आईबापाची आठवण काढत बसले. हे त्यांनी स्वतः लिहून ठेवलंय. एवढ्या मोठ्या संस्थानच्या राजधानीत, त्या संस्थानच्याच एका अधिकाऱ्याला, टेकायला जागा मिळाली ती फक्त सार्वजनिक बागेत. घरांची दारं बंद झाली, खानावळींची झाली, मैत्रीची झाली. बागेचं फाटक उघडं होतं.

मग लंडन. 1920 साली ते अर्धवट राहिलेलं शिक्षण पुरं करायला परत गेले. सिडनहॅम कॉलेजात शिकवून साठवलेले पैसे, शाहू महाराजांची मदत आणि नवल भथेनांकडून घेतलेले 5000 रुपये उसने. एवढ्यावर जगातल्या सगळ्यात महागड्या शहरांपैकी एकात राहायचं. किंग हेन्रीज रोडवर 10 नंबरच्या घरात खोली. घरमालकीण हात आखडून वाढणारी. दुपारच्या जेवणाला फाटा. रात्री भूक लागली की पापड भाजून खायचे. हे सगळं तुम्ही चरित्रात वाचलंच असेल. आपण तेवढंच सांगतो, पापड सांगतो, भूक सांगतो, आणि डोळे पुसतो. पण त्या माणसानं उपाशीपोटी त्या शहरातून काय काढून घेतलं, ते सांगत नाही.

ब्रिटिश म्युझियम 1759 पासून लोकांना विनामूल्य उघडं. त्याचं घुमटाचं वाचनालय 1857 सालचं. त्याच वाचनालयात कार्ल मार्क्सनं वर्षानुवर्षं बैठक मारली. तिथं बसायला वाचकाचं ओळखपत्र लागे, पैसा लागत नसे. बाबासाहेब सकाळी दार उघडलं की आत आणि संध्याकाळी पहारेकऱ्यानं उठवलं की बाहेर. 1921 साली एम.एस्सी., 1922 साली बॅरिस्टर, 1923 साली डी.एस्सी. रुपयाच्या प्रश्नावरचा त्यांचा ग्रंथ त्या टेबलांवर घडला. कमी पैशात मोठं शहर कसं वापरायचं, याचा यापेक्षा मोठा धडा मला ठाऊक नाही. शहरातली जी सगळ्यात किमती गोष्ट फुकट होती, ती त्यांनी शोधून काढली आणि शेवटच्या थेंबापर्यंत वापरली.

पण एकट्यानं फाटकातून आत जाणं वेगळं आणि सगळ्या समाजासाठी फाटक उघडणं वेगळं. तिथून दुसरा भाग सुरू होतो.

4 ऑगस्ट 1923. मुंबई कायदे कौन्सिलात ठराव मंजूर झाला. सरकारी पैशानं बांधलेले आणि चालणारे पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, तसंच शाळा, कोर्टं, कचेऱ्या आणि दवाखाने अस्पृश्यांना खुले. ठराव मांडणारे कोण? सी. के. बोले. तेच, 1907 च्या सत्कारसभेचे अध्यक्ष. महाडच्या नगरपालिकेनं 1924 साली आपलं चवदार तळं खुलं केल्याचा ठराव केला. कागदावर तळं फुकट झालं. पण त्या पाण्याला आपला एक ओठ लागला नाही. कारण कागद आपल्याकडून होता आणि लाठी त्यांच्याकडून.

20 मार्च 1927. बाबासाहेब पुढं, मागं हजारो माणसं. तळ्यावर गेले, ओंजळीनं पाणी प्याले. त्यानंतर डोकी फुटली. मग तळ्याचं शुद्धीकरण झालं. मग कोर्ट. तळं खाजगी की सार्वजनिक, एवढ्याच प्रश्नावर दहा वर्षं गेली. 17 मार्च 1937 ला मुंबई हायकोर्टाचा निकाल आपल्या बाजूनं लागला. एका ओंजळीचा भाव दहा वर्षं. आणि वर आम्हाला म्हणतात फुकटे!

आता जी गोष्ट सांगतो ती आपल्या पोरांना फारशी ठाऊक नसते. ती खरोखरच्या सहलीची गोष्ट आहे. 1934 साल. बाबासाहेब आणि चळवळीतले कार्यकर्ते, मिळून तीसेक जण, वेरूळची लेणी बघायला निघाले. वाटेत दौलताबादचा किल्ला. निजामाचा मुलूख. ठरवलं होतं की आपण कोण ते सांगायचं नाही, गपचूप बघून यायचं. बघा, एवढा मोठा बॅरिस्टर, गोलमेज परिषदेत बसून आलेला, आणि किल्ला बघायला जात लपवून जावं लागतं! प्रवासाच्या धुळीनं तोंडं माखलेली. फाटकाजवळ पाण्याचं छोटं टाकं होतं. काही जणांनी तोंड धुतलं. मागून एक म्हातारा मुसलमान ओरडत आला, धेडांनी टाकं बाटवलं! गर्दी जमली. शिव्या सुरू झाल्या. बाबासाहेबांनी विचारलं, तुमचा धर्म हेच शिकवतो का? आमच्यातला कुणी उद्या मुसलमान झाला, तर त्यालाही पाण्यावरून हाकलणार का? गर्दी गप्प झाली. शेवटी किल्ला बघू दिला, पण सोबत हत्यारबंद शिपाई. आत कुठं पाण्याला हात लावू नये म्हणून.

बाबासाहेबांनी यातून जे काढलं ते महत्त्वाचं आहे. हिंदूंना जो अस्पृश्य, तो इतरांनाही अस्पृश्य. रोग एका घरात जन्मला, पण सगळ्या गावाला लागला. मला त्यात आणखी एक दिसतं. किल्ला बघणं ही चैन नव्हती. रिकामटेकडेपणा नव्हता. कारण ज्याला देशाचा किल्ला मोकळेपणानं बघता येत नाही, त्याला तो देश आपला कसा वाटणार?

म्हणून घटना लिहिताना ही गोष्ट सुटली नाही. 26 जानेवारी 1950 पासून लागू झालेल्या संविधानाचं कलम 15, दुसरं पोटकलम काढा आणि वाचा. दुकानं, उपाहारगृहं, करमणुकीच्या जागा. विहिरी, तलाव, स्नानाचे घाट, रस्ते आणि लोकांचा राबता असलेल्या सार्वजनिक जागा. धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यांवरून कुणालाही तिथं अडवता येणार नाही. ही नुसती कलमाची यादी नाही. यात महाडचं तळं आहे. दौलताबादचं टाकं आहे. बडोद्याची बाग आहे. वकिलांना ते कलम वाटतं, मला ते आपलं आत्मचरित्र वाटतं. 1923 च्या ठरावात पाणवठा होता, शाळा होती, पण बाग नव्हती, करमणूक नव्हती. 1950 साली तीही आली. नुसतं जगण्याचा नाही, आनंदाचा हक्कही लिहिला गेला.

आणि मग 14 ऑक्टोबर 1956, दसरा. नागपूर. माझी आजी पांढरकवड्याकडून गेली होती. हिंगणघाटपर्यंत बैलबंडी, पुढं रेल्वे. ती सांगायची, "भाकरी बांधल्या, मिरचीचा ठेसा बांधला, एक पांढरं लुगडं घेतलं, न् निघालो. शहर कधी पाह्यलंच नव्हतं. पाह्यलं तं डायरेक बाबासायबाले पाह्यलं." तिनं त्या तीन दिवसांत नागपुरात एक पैशाचं काही विकत घेतलं नाही. मैदानात झोपली, नळाचं पाणी प्याली, लाखोंच्या गर्दीत बसून बावीस प्रतिज्ञा म्हटल्या. घरी परतली ती दुसरी बाई होऊन. शहरात फुकट काय मिळतं, याचं उत्तर आमच्या घरात तेव्हापासून ठरलेलं आहे.

आता मूळ शब्दाकडे येऊ. फुकट कोण घेत होतं? गावात महाराकडून वेठ कोण घेत होतं? सांगावा नेणं, मेलेलं ढोर ओढणं, सरकारी कामगाराच्या घोड्यापुढं धावणं, रात्रीबेरात्री केव्हाही. मोबदला काय, तर शिळा तुकडा आणि तुकड्याएवढं वतन. बाबासाहेबांनी 1928 साली त्या वतनाविरुद्ध बिल आणलं. ती वतनं कायद्यानं जायला 1958 साल उजाडलं. शेकडो वर्षं ज्यांनी आमचे हात फुकट वापरले, त्यांची नातवंडं आज आम्ही बागेत फुकट बसलो म्हणून नाक मुरडतात. आणि ती बाग झाडतं कोण? तो समुद्रकाठ पहाटे साफ करतं कोण? मीठ, कापड, काडेपेटी घेताना कर भरतं कोण? फुकट काही नाही मित्रांनो. सगळ्याचे पैसे आधीच दिलेले आहेत. आपल्याकडे पावती नाही, एवढंच.

म्हणून माझं सांगणं आहे, जा. लाजून नको, चोरून नको, ताठ मानेनं जा. पांढरकवड्याहून नागपूर सुमारे दीडशे किलोमीटर. करंजी, वडकी, वडनेर, हिंगणघाट, जाम, बुटीबोरी. एसटीचं भाडं आणि घरची भाकर, एवढा खर्च. गणेशपेठच्या स्टँडवरून दीक्षाभूमी पायी गाठता येते. 18 डिसेंबर 2001 ला राष्ट्रपती के. आर. नारायणन यांनी उद्घाटन केलेला तो स्तूप. आत जायला पैसे नाहीत. दसऱ्याच्या गर्दीतच जायला हवं असं नाही. साध्या दिवशी जा, घुमटाखाली शांत बसा. संध्याकाळी फुटाळ्याच्या काठावर बसा. कामठीचं ड्रॅगन पॅलेस विहार बघा.

मुंबईला गेलात तर 1971 च्या चैत्यभूमीवरच थांबू नका. हिंदू कॉलनीतलं राजगृह बघा, पुस्तकांसाठी बांधलेलं घर. परळची बीआयटी चाळ बघा, तिथं आजही माणसं राहतात, तेव्हा जिन्यात गोंधळ करू नका. चर्नी रोडच्या बागेत जाऊन एक तास वाचत बसा, हात जोडायला नाही, वाचायला. मरीन ड्राइव्हच्या कठड्यावर बसायला पैसा लागत नाही. काळा घोड्याजवळ जहांगीर आर्ट गॅलरी आहे, 1952 पासूनची. चित्रं बघायला तिथं तिकीट नाही. पण नेमकं अशाच ठिकाणी आपली पोरं दारातून परत फिरतात. मी स्वतः एका शहरात एका नामांकित सभागृहाच्या दारात उभा असताना रखवालदारानं आधी माझी चप्पल बघितली, मग तोंड बघितलं आणि विचारलं, "काय काम आहे?" कार्यक्रम विनामूल्य, अशी पाटी त्याच्या डोक्यावर लटकत होती. मी पाटीकडे बोट दाखवलं आणि आत गेलो. पुढच्या रांगेत बसलो. गाणं मला अर्धंच कळलं. पण बसलो शेवटपर्यंत.

आता झाडूमडकं गेलंय. त्याच्या जागी हे 'काय काम आहे' आलंय. आणि दुसरंही एक येतंय. काल फुकट असलेल्या बागेला आज फाटक लागतं, मग तिकीट लागतं, मग वेळ ठरते. तिकीट जात विचारत नाही, हे खरं. पण खिसा विचारतं, आणि कुणाचा खिसा रिकामा ते आपल्याला ठाऊक आहे. म्हणून गावातलं वाचनालय, नगरपालिकेची बाग, सार्वजनिक मैदान याकडे डोळा ठेवा. आमच्या केळापूर तालुक्यातल्या कोलाम, गोंड पोरांनाही सोबत घ्या. तेही त्याच दारातून परत फिरतात.

येत्या दसऱ्याला नागपूरला जाल तेव्हा पिशवीत भाकरीसोबत एक वही ठेवा. काय बघितलं ते लिहा. कुठं अडवलं असेल, तर जागा, तारीख, वेळ आणि बोललेले शब्द तिथंच लिहून घ्या. कलम 15 आहे, 1955 चा कायदा आहे, 1989 चा कायदा आहे, पण नोंद नसेल तर कायदा मुका होतो. आणि कुठंच अडवलं नसेल, नुसतं तळ्याकाठी बसून वारं खाल्लं असेल, तर तेही लिहा. ती नोंदही इतिहासाचीच आहे. दोन्ही आपल्या अंकासाठी पाठवा.

जयभीम.